चाळीस लेथ आणि एक टाय

शुगर लँड, टेक्सस
९ ऑगस्ट १९८४

तीर्थस्वरूप दादांना धाकट्याचा साष्टांग नमस्कार (पाठ धरल्यामुळे तूर्त मनातल्या मनात).

तुमचा गुडघा काय म्हणतो? पथ्य तुम्ही पाळता, की तुमच्या वाटचंही वहिनीच पाळतात? आम्ही खुशाल. कंपनीने मला तीन महिने आखातातल्या एका देशात धाडलं होतं. तिथल्या तंत्रशाळेला आम्ही ह्यूस्टनहून लोखंड कातायची चाळीस लेथ यंत्रं पाठवली होती, ती कशी चालतात ते पाहायला. दादा, यंत्रं उत्तम स्थितीत होती, कारण कुणी हातच लावला नव्हता. पुस्तकं इंग्रजीत, मुलं अरबीत शिकलेली. जागा दोनशे, मुलं अकरा. त्यातला सलीम तेवढा जातीचा कारागीर, पुस्तकातली नुसती चित्रं पाहून यंत्र ओळखणारा. नेमकं त्यालाच त्याचे वडील न्यायला आले, कस्टममध्ये कारकुनीला लावायला.

मी त्यांना तासभर (दुभाष्यामार्फत, म्हणजे दोन तास) हाताच्या कामाची थोरवी ऐकवली. ते शांतपणे म्हणाले, कंपन्या तयार कामगार बाहेरून आणतात, माझ्या मुलाला कोण ठेवणार? उत्तर म्हणून मी लेथच चालू करून दाखवायला गेलो. गेली वीस वर्षं मी लेथची फक्त चित्रं काढतो आहे. टाय आत गेला, मागोमाग मीही निघालो होतो, तेवढ्यात सलीमने यंत्र बंद करायचं बटण दाबलं. म्हणून हे पत्र मी स्वतः लिहू शकतो आहे. सलीमच्या वडिलांनी माझी मान तपासली, पाणी दिलं आणि विचारलं, तुमचा मुलगा काय करतो? इंजिनिअर होतोय, मी छाती फुगवून सांगितलं. ते नुसते हसले आणि सलीमला घेऊन गेले. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

तुमचा,
बाळ

ता. क. आमच्या विक्रमने इंजिनिअरिंग सोडलं. लोखंड जोडायला शिकवतात तिथे जातो, आणि खूश आहे. मी आठवडाभर त्याच्याशी बोललो नाही. खरं तर पत्र यासाठीच. तुमच्या शरयूच्या लग्नात कुणी विचारलं, तर 'धातुशास्त्र' म्हणा.

आणखी एक. पत्र टपालात टाकायला विक्रमच निघाला होता. त्याला मराठी वाचता येत नाही. दारातून म्हणाला, "बाबा, काकांना माझं सांगितलं ना? यू टोल्ड हिम वेल्डर, राइट?" मी हो म्हणालो. मग पाकीट परत मागून घेतलं आणि फोडून हे लिहितो आहे. धातुशास्त्र तेवढं विसरा. विक्रम वेल्डर होतोय, दादा.