मागच्या काचेचं रबर

६ एप्रिल ८९

आज सुरेशभाऊ जीप चालू करून गेटपर्यंत घेऊन गेले. पुरानंतर पहिल्यांदाच. पांझरा नदीतून काढली तेव्हा इंजिनात नुसता गाळ होता. भाऊंनी आठ महिने जीव ओतला तिच्यात. थोरल्या भावाची गाडी, दुसरं काय.

उजव्या बाजूची मागची काच नाही. तिथून वारा शिरला की गाडीत शीळ घातल्यासारखा आवाज होतो. माझ्या सासूबाई, अक्का, मागे बसल्या होत्या. म्हणाल्या, "आयक, बलावस त्यो." ह्यांची हाक ऐकू येते म्हणे त्यांना. भाऊंनी लगेच इंजिन बंद केलं.

काच बसवून घ्यायची. सासूबाईंना हे रोज ऐकू द्यायचं नाही.

९ एप्रिल

काच मिळेल, कापून देतात. रबर मिळत नाही. अमळनेरला तिन्ही दुकानं झाली. "बाई, मिलिटरीच्या लिलावातली गाडी, तिचं रबर आता कुठे?" एकाने ट्रकच्या दाराचं रबर दाखवलं. जाड. खाचेत बसेना.

भाऊ म्हणाले, वहिनी, पत्रा मारून टाकू. नको म्हटलं. का नको ते नीट सांगता आलं नाही. हे स्टेअरिंगवरून मागे वळून त्याच काचेतून शेताकडे बघायचे. पत्र्यातून काय बघणार.

१३ एप्रिल

सकाळची शाळा सुटल्यावर एस.टी.ने धुळ्याला. आग्रा रोडवर रहीम मिस्त्रींचं गॅरेज. ह्यांची गाडी कायम तिथेच जायची. मला बघून हातातलं काम टाकून उभे राहिले. चहा मागवला.

मग म्हणाले, "भाभी, रबर लाओ, मी बसवतो. पण कापलेलं नको. अख्खा रिंग पाहिजे."

तिथे भिंतीला टेकून एक जुना दरवाजा होता. कुठल्याशा गाडीचा. मला उगाच वाटलं, ओला आहे. हात लावून पाहिला. तापलेला होता.

१६ एप्रिल

पाचोऱ्याला एका डॉक्टरांकडे अगदी अशीच जीप आहे असं कळलं म्हणून गेले. झाकून ठेवलेली, वडिलांची. डॉक्टर सज्जन. पण "रबर काढलं तर माझी काच पडेल," म्हणाले. खरंच आहे. मला मात्र तिच्यात बसू दिलं.

बसायला नको होतं. चारी काचा बंद. बाहेरचं काही ऐकू येईना. दार उघडायला वेळ लागला, मूठ उलटी फिरत होती. उतरले तर पदर घामाने ओला. डॉक्टरांच्या बायकोने पाणी आणलं.

पोलीस पाटील तेव्हा म्हणाले होते की नदीवरच्या फरशी पुलावरून गाडी खाली गेली तेव्हाच ह्यांच्या डोक्याला मार बसला असणार, त्यांना काही कळलंच नसेल. पाण्याने काच नेली आणि मागोमाग त्यांना. मी ते धरून बसले आहे. त्याच्यावरच झोप लागते.

२० एप्रिल

सुरेशभाऊंनी विषय काढला. आखाजी आली, अक्षय्य तृतीया. या वर्षी पितरांची घागर भरताना दादाचं नाव घ्यायचं का? पितरांत धरायचं का? देह मिळाला नाही म्हणून मागे पितृपक्षात काहीच केलं नव्हतं.

मी हो म्हटलं. अक्का चुलीपाशी होत्या. "मना आंडोर जित्ता शे. जित्ता मानूसनी घागर भरतस का?" आणि भाकरी तव्यावरच करपू दिली.

अक्का मुलगा जिवंत आहे म्हणून वाट बघतात, मी नाही. यात मी वाईट आहे का?

२५ एप्रिल

मिळालं! मामेभावाने दीपनगरहून निरोप पाठवला होता. तिथल्या वसाहतीबाहेर एका चहावाल्याने लिलावातली जीप घेऊन टाकलीय, आत कडबा भरतो. काचेशी खेळत बसायला त्याला वेळ नव्हता. "न्या ताई, मला काय, बकऱ्या रबर खात नाहीत." पण काढायला त्यानेच मदत केली. उन्हाच्या बाजूच्या काचेचं रबर पापडासारखं तडकलेलं. भिंतीकडच्या काचेचं मात्र मऊ. अख्खं निघालं.

परतीच्या गाडीत मांडीवर घेऊन बसले. समोरच्या बाईने विचारलं, काय आहे हो? खिडकीचं आहे, म्हटलं. मग का कोण जाणे, भुसावळ येईपर्यंत डोळ्याला पाणी.

२ मे

आज धुळ्याला गाडी नेली. भाऊ सोडून बाजारात गेले.

रहीमभाईंनी काचेला रबर चढवलं, खाचेत सुतळी बसवली, साबणाचं पाणी लावलं. ते बाहेरून दाबणार, मी आत बसून सुतळी ओढायची. ओढत गेले तसतसा रबराचा ओठ पत्र्यावर बसत गेला. छान बसली. शीळ नाही, धूळ नाही.

"आतून दाबून बघा जरा," रहीमभाई म्हणाले.

तळहाताने दाबलं. हलली नाही. मग माझं मलाच कळलं नाही, मी मागे रेलले आणि दोन्ही पाय काचेवर ठेवून जोर लावला. अख्खी काच रबरासकट बाहेर. रहीमभाईंनी छातीवर झेलली म्हणून वाचली.

"भाभी!"

मी विचारलं, बाहेरून पाणी आलं तर काच आत पडेल ना?

"आतच पडेल."

आमच्या गाडीत काच नव्हती. गाळ काढला तेव्हा मी होते. काचेचा तुकडासुद्धा नव्हता.

रहीमभाई काच धरून उभे. हळूच ह्यांचं नाव घेऊन म्हणाले, "दिनकरभाऊला पोहता यायचं." आणि मान फिरवली.

पुन्हा बसवली. भाऊ आल्यावर त्यांना यातलं काही सांगितलं नाही.

४ मे

ते शुद्धीवर होते. पाण्याखाली, अंधारात, पाय लावून...

मग बाहेर पडले. बाहेर पडून कुठे गेले? वाचले असतील तर घर कुठे आहे हे का आठवलं नाही? आणि नसतील वाचले तर...

दोन्हीपैकी कुठलंच मला नको आहे. वर्गात फळ्याकडे तोंड करून बराच वेळ उभी होते.

६ मे

अक्कांनी आज आपणहून मला जवळ बोलावलं. काच बसल्यापासून गाडीत आवाज होत नाही. "आते नही बलावत त्यो. गया व्हई." गेला असेल, म्हणे. माझा हात धरून म्हणाल्या, "भर वं माय घागर. मी थकनी."

भाऊ रडले. घागर आणायला लगेच अमळनेरला गेले.

मी सांगायला हवं होतं.

८ मे, आखाजी

घागर भरली, वर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवलं. नणंदा आल्या आहेत, अंगणात पोरींचा झोका. भाऊ पाटावर बसले. आजोबांचं नाव घेतलं, सासऱ्यांचं घेतलं. मग माझ्याकडे पाहिलं.

मी "थांबा" म्हणाले.

सगळं सांगितलं. पायांचं सुद्धा.

भाऊ ओरडले, "वहिनी, आज? आज सांगताय?" ताट सरकवून उठले आणि शेताकडे निघून गेले. धाकटी नणंद म्हणत राहिली, म्हणजे दादा आहे, आहे ना दादा?

९ मे

घागर तशीच आहे. नाव घेतलेलं नाही, पाणीही ओतलेलं नाही. भाऊ जेवायला आले आणि लगेच पुन्हा शेताकडे गेले.

मला वाटलं होतं अक्कांना आनंद होईल. इतके महिने 'जित्ता शे' असं त्या एकट्याच म्हणत होत्या. आज दुपारी तांदूळ निवडता निवडता थांबल्या. जिवंत आहे का, कुठे असेल, यातलं काही विचारलं नाही. एवढंच विचारलं,

"म्हंजे पानीमा त्यो घाबरना व्हई ना वं?"

घाबरलेच असतील. मी त्यांच्या हातातलं सूप घेतलं आणि निवडायला बसले.