फळ्यापुढचा तो तास

आई, आज सकाळी माझ्याकडं नायगावकडची एक अंगणवाडी सेविका तपासणीला आली होती. तिला तुझाच आजार आहे, मल्टिपल स्क्लेरोसिस. पाय आणि डोळे तिच्या डॉक्टरांनी बघितले. लक्ष, आठवण, विचार करायचा वेग यांत काही कमी पडतंय का ते बघायला तिला माझ्याकडं पाठवलं. नांदेडला मी आता हेच काम करते. तू गेलीस तेव्हा माझं शिक्षण चालू होतं, त्यामुळं तुला हे ठाऊक असायचं कारण नाही. बाईंसोबत त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी होती. आई समोर बसलेली असतानाच ती म्हणाली, "मॅडम, ही मुद्दाम करती. बोलायला बसली की लई शहाणी, अन् काम सांगितलं की अर्ध्यातच विसरती." ओढणीचं टोक बोटाला गुंडाळणाऱ्या त्या मुलीकडं मला बघवेना.

मुरुडच्या शाळेतला तो तास मी आजवर कुणाला सांगितलेला नाही. मी दहावीत, तिसऱ्या बाकावर, आणि गणित शिकवायला तू. आजाराचं नाव कळून तेव्हा वर्ष झालं होतं, डावा पाय जरा ओढत चालायचीस. वर्गसमीकरण सोडवता सोडवता तू थांबतेस. वरचीच ओळ पुन्हा खाली लिहितेस. मागून कुणीतरी हसतं. तू वर्गाकडं बघतेस, परत फळ्याकडं वळतेस आणि तीच ओळ तिसऱ्यांदा लिहायला घेतेस. मी उठते. तुला मदत करायला उठले नव्हते, आई. हसणाऱ्यांत मला सामील व्हायचं होतं. तुझ्या हातातला खडू काढून घेतला, उरलेलं उदाहरण भराभरा सोडवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "येत नसेल तर शिकवता कशाला, बाई?" शाळेत मी तुला बाईच म्हणायचे. तू रागावली नाहीस. खुर्चीत बसलीस आणि तास संपेपर्यंत तळहाताला लागलेला खडू पुसत राहिलीस.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात मेथी निवडताना तू मान वर न करता म्हणालीस, "मला सगळं येतंय गं. फक्त यायला वेळ लागून राहिलाय." मला ती सबब वाटली. पाय दुखतात म्हण, दिसत नाही म्हण, पण हे नाटक माझ्यापुढं नको, असं मी तुला सुनावलं. पुढच्याच आठवड्यात तू अर्ज देऊन दहावीचा वर्ग सोडलास आणि ग्रंथालयाचं काम मागून घेतलंस. विचारणाऱ्यांना सांगायचीस, जिना चढवत नाही म्हणून.

लातूरचे डॉक्टर दर वेळी तुझे गुडघे ठोकून बघायचे, डोळ्यांपुढं बोट फिरवायचे. तू त्यांच्याशी इतकं नेटकं बोलायचीस की आणखी काही विचारावं असं त्यांना वाटायचं नाही. एकदा मात्र त्यांनी मला विचारलं, आई काही विसरते का, कामाला जास्त वेळ लावते का? तू माझ्याकडं बघत होतीस. मी सांगावं असं तुला वाटत असणार, हे मला तेव्हाच कळलं होतं. मी म्हणाले, "न्हाई, सगळं ठीक हाय." लोक माझ्या आईला वेडी म्हणतील, ही मला भीती.

आज त्या बाईंना मी आधी झोपेचं विचारलं, मन उदास असतं का ते विचारलं, चष्मा घालून नीट दिसतंय याची खात्री केली. मग तो कागद पुढं ठेवला. वर नऊ खुणा, प्रत्येकीखाली एक आकडा. खाली नुसत्या खुणांच्या ओळी. दीड मिनिटात खूण बघून आकडा सांगायचा. बाईंचं एकही उत्तर चुकलं नाही. पण त्यांच्या वयाची, त्यांच्याइतकी शिकलेली माणसं जितकं करतात त्याच्या निम्म्यावरच वेळ संपला. मुलगी बघत होती. तिला मी समजावलं, की या आजारात मेंदूतल्या नसांवरचं आवरण खराब होतं आणि निरोप पोचायला उशीर होतो. एका वेळी एकच काम सांग, लिहून दे, घाई करू नको. आईची पिशवी आपल्या खांद्याला घेत तिनं विचारलं, "घरी काय होतं ते तुम्हाला इतकं नेमकं कसं काय ठाऊक?"

पुस्तकात असतं सगळं, असं मी सांगितलं.

तुझं सांगितलं असतं तर कदाचित त्या पोरीला जरा हलकं वाटलं असतं. तोंडाशी आलंही होतं. पण इथं कुणालाच मी ते सांगितलेलं नाही. आई कशानं गेली असं कुणी विचारलं तर न्यूमोनियानं, असं सांगते. ते खोटं नाही, म्हणून सोपं जातं. तुला लिहिलेला हा कागदही मी टेबलाच्या खणात ठेवून कुलूप लावणार आहे, कुणाच्या हाती पडू नये म्हणून.