माळ्यावरचा उंदीर

पोलादपूर,
फाल्गुन शुद्ध सप्तमी, शके १८४६

प्रिय सरोज, तुला आणि बाळाला अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. रोज उत्तर लिहायला बसते आणि चार ओळी लिहून उठते. बाळाचं बारसं घरच्या घरी उरकलंत हे बरं केलंत. अळीव खातेस ना? दूध पुरतं का त्याला? तू रडत राहिलीस तर त्याचे हाल होतील. पण तुला रडू नको म्हणायला मला तोंड नाही. तू लिहिलंस, 'बाळंतपणात पायांत पायांत येईल म्हणून मीच पोरीला तुझ्याकडे धाडली. मीच तिची वैरीण.' ते वाक्य मी रोज पुन्हा काढून वाचते.

द्वारूच्या इथल्या दिवसांबद्दल सगळं लिही, काही ठेवू नकोस, असं तू म्हणालीस. तेच लिहिते आहे.

पौष संपता संपता ती दमणीतून उतरली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तांदूळ निवडत होते, तर सूप पुढे ओढून म्हणाली, "मावशी, तुमच्या तांदळात हे काळे तांदूळ कसे गं?" त्या उंदरांच्या लेंड्या होत्या. माझ्या नजरेला कमी दिसतं, मला उमगलंच नव्हतं. मग तिने घरभर शोध घेतला. कणगीचा तळ कुरतडलेला तिनेच दाखवला. भिंतीच्या कडेने काळपट, तेलकट पट्टा उठला होता, तो उंदरांच्या रोजच्या वाटेचा, हे तिला तुझ्या भाऊजींनी सांगितलं. माझ्या जुन्या लुगड्याच्या चिंध्या ट्रंकेमागे गोळा करून एका उंदरीने बाळंतपणाची खोली केली होती. द्वारू म्हणाली, "हिच्याकडे पण बाळ येणार वाटतं!" आणि आम्ही दोघी किती हसलो.

भाऊजींनी तिला एक युक्ती शिकवली. निजण्याआधी भिंतीलगत चुलीतली राख पसरायची आणि सकाळी पावलं पाहायची. तो तिचा खेळच झाला. तोंड धुण्याआधी राखेपाशी उकिडवी बसायची. एका उंदराचा मागचा एक पाय उमटत नसे, त्याचं तिने 'लंगडे मास्तर' असं नाव ठेवलं आणि घरातले खरे मास्तर, म्हणजे तुझे भाऊजी, दिवसभर खोटंखोटं रुसून बसले. बिळांत आम्ही काचेचे तुकडे आणि चुना भरला. पिंजऱ्यात भाजलेलं खोबरं लावलं. त्यात एक सापडला, पण द्वारू त्याला बुडवू देईना. पिंजरा उचलून आम्हाला सावित्रीच्या काठापर्यंत नेलं आणि तिथे तो सोडायला लावला. सरोज, सोळा वर्षांच्या संसारात या घरात असा आवाज कधी झाला नव्हता. मला मावशी म्हणता म्हणता ती एकदा चुकून आई म्हणाली. मी ऐकलं नाही असं दाखवलं आणि परसात जाऊन उभी राहिले.

उंदीर मात्र हटेनात. शेवटी भाऊजींनी महाडहून उंदीर मारायचं विष आणवलं. पिठात गूळ घालून मी त्याच्या गोळ्या केल्या आणि कणगीमागे, चुलीच्या कोपऱ्यात, मोरीपाशी ठेवल्या. द्वारूला लांब बसवून समजावलं. ती शहाणी, पुन्हा तिकडे फिरकली नाही. माळ्यावर मी एकही गोळी ठेवली नाही, कारण तिची भातुकली तिथे मांडलेली होती.

त्याच आठवड्यात भाऊजी शाळेच्या कामासाठी अलिबागेस गेले. रविवारी कणगीमागे दोन उंदीर मरून पडलेले दिसले. मला आनंद झाला, सरोज. औषध लागू पडलं म्हणून मी त्या दिवशी गोड सांजा केला. सोमवारी आणखी एक. ठकूबाईने ते चिमट्याने उचलले आणि परसात गोवऱ्यांवर जाळून टाकले. ठकूबाई आमच्याकडे झाडलोट करायला येते, वरच्या वाडीतली. तुझ्या कानावर तिचं नाव कसं आलं आहे ते मला माहीत आहे.

शनिवारी दुपारी द्वारूला थंडी वाजून ताप भरला. संध्याकाळी जांघेत गाठ दिसली. पुढचं तुला तिच्या बाबांनी, दत्तोपंतांनी, सांगितलंच असेल. गावाबाहेर माळावर झोपडी घालून आम्ही तिला तिकडे हलवलं. महाडहून डॉक्टर आले, प्लेगच म्हणाले, पण त्यांच्या हातात काही नव्हतं. शेजारपाजारचं कुणी फिरकलं नाही. ठकूबाई मात्र चारही दिवस झोपडीत होती. गाठीवर शेक द्यायची, मांडीवर डोकं घेऊन बसायची. द्वारू तापात राखेवरची पावलं मोजत होती. मंगळवारी सकाळी तिने पाणी मागितलं, ठकूबाईने चमच्याने पाजलं, आणि तो चमचा तिच्या ओठांत असतानाच ती गेली. मी तिथेच, दोन हातांवर बसले होते.

इथवर तुला ठाऊक होतं. आता जे लिहायचं आहे त्यासाठी मला आठ दिवस लागले.

शनिवारच्या आधीच्या बुधवारी सकाळी द्वारू शेजारी खेळायला गेली होती. माळा झाडायला ठकूबाई वर चढली आणि तिने मला हाक मारली. भातुकलीच्या बोळक्यांपाशी एक उंदीर तोल गेल्यासारखा गरगर फिरत होता, भर उजेडात, माणसांची भीती नसल्यासारखा. आमच्या देखत तो आडवा झाला. ठकूबाईचा चेहरा उतरला. म्हणाली, "बाय, इख तुमी खाली ठेवलंव. ह्यो वर कसा मेला? ह्यो इखाचा नाय, ह्यो रोगाचा उंदीर हाय. आमच्या वाडीत आसंच झालेलं, माझा बापूस न् दोन भाव त्यातच गेले. आजच्या आज घर सोडा. पोरीला हितं ठेवू नका, गो बाय."

मला पटलं होतं, सरोज. मी मनाला सांगितलं की विष खाऊन तो वर चढला असेल. पण आत कुठेतरी मला त्याच क्षणी कळलं होतं. मी गप्प बसले. का, तेही आज लिहिते. उंदीर पडला असं कळलं असतं तर पाटलांनी आळी खाली करायला लावली असती आणि दत्तोपंत त्याच दिवशी दमणी घेऊन पोरीला न्यायला आले असते. तू तिला फक्त महिन्यासाठी धाडलं होतंस. त्यातले नऊ दिवस उरले होते. ते नऊ दिवस मला हवे होते. एवढंच. दुसरं काही कारण नाही. भाऊजी शनिवारी येतील, मग त्यांना सांगू, असं मी ठरवलं. द्वारूला माळ्यावर जाऊ दिलं नाही, आणि तेवढ्याने भागेल असं मला वाटलं.

ठकूबाई ऐकेना. पाटलांकडे जाते म्हणाली. तेव्हा मी तिचा हात धरून माझ्या डोक्यावर ठेवला आणि कुणालाही सांगणार नाही अशी शपथ तिला घातली. ती रडली, पण तिने शपथ घेतली.

डॉक्टर म्हणाले, रोग कदाचित बुधवारच्या आधीच अंगात शिरला असेल. असेलही. ती वाचली असती की नाही हे मला कुणीच सांगू शकणार नाही. पण मी तिला वाचवायला उठले नाही, हे मला माहीत आहे.

आता हे पत्र का लिहिते ते सांगते. द्वारू गेल्यावर दत्तोपंत इथे चावडीत सगळ्यांसमोर म्हणाले की हा रोग ठकूबाईने वाडीतून नाचणीच्या पोत्यातून आणला. बिचारे दुःखाने वेडे झाले होते. मी दाराआड उभी होते आणि बोलले नाही. तेव्हापासून तिला कुणी काम देत नाही, विहिरीजवळ उभं राहू देत नाही. वाडीतल्या लोकांनीही तिची खोपटी मोडली. ती नदीच्या पलीकडे एका आंब्याखाली राहते. तरी तिने तोंड उघडलं नाही. आता सगळी आळी माळावर झोपड्यांत राहते, तिथे काल सकाळी ती आमच्या अंगणाच्या कडेला येऊन उभी राहिली. आत आली नाही. म्हणाली, "बाय, मी कुनाला काय बोललेली नाय. पर माझी लेक सासरी हाय, तिलाबी आता तिकडची मानसं घरात ठेवीत नायत. तेवढी शपथ सुटली म्हना." मी 'सुटली' म्हटलं. तीन वेळा म्हटलं. मग भाऊजींना बोलावलं आणि तिच्यासमोरच त्यांना सगळं सांगितलं. ते काल दुपारपासून माझ्याशी बोललेले नाहीत. पण हे पत्र घेऊन तेच उद्या महाडला तुमच्याकडे येत आहेत. हे दत्तोपंतांना वाचायला दे. त्यांनी इथे येऊन, ज्या चावडीत ते बोलले त्याच चावडीत, हे मोठ्याने वाचून दाखवावं. मी समोर उभी राहीन. आणि सरोज, तू पोरीला मरायला धाडली नव्हतीस. तू तिला आपल्या बहिणीकडे धाडली होतीस. एवढं स्वतःला रोज सांग. मला क्षमा करू नकोस, उत्तरही लिहू नकोस, पण हे रोज सांग.

तुझी अक्का म्हणवून घेण्याचा हक्क उरला नाही, तरी दुसरं काय लिहू?

तुझीच,
विनोदिनी अक्का