माझ्या वाटचा पांढरा भात

आई, तुला मी आजवर पत्र लिहिलं नाही. तू होतीस तेव्हा तुला वाचता येत नव्हतं आणि मला लिहिता येत नव्हतं. आता मला लिहिता येतं, तर तू नाहीस. मी लोणावळ्याला आल्यावर वाचायला शिकले. मला कुणी समोर बसवून शिकवलं नाही. स्टेशनावरच्या पाट्या, वाण्याच्या पुड्यांचे कागद, शेजारच्या मुलांची फाटकी पुस्तकं, जे हाती येईल त्यातली अक्षरं जुळवत गेले. आता वाचनालयातून पुस्तक आणते आणि दुपारी दाराशी बसून वाचते. गेल्या बाजाराच्या दिवशी वडगावला मावशीकडे गेले होते. तुझ्या धाकट्या बहिणीला आता दिसत कमी आहे, पण बोलणं पूर्वीसारखंच आहे. ती जे बोलली ते ऐकून घरी आले, तेव्हापासून तुझ्याशी भांडायचं आहे. समोर कुणी नाही म्हणून कागद घेतला.

उर्स्याच्या आपल्या घरामागचं उखळ मला अजून दिसतं. सगळ्यांसाठी भात कांडून झाला की माझ्या वाटचे तांदूळ तू वेगळे काढायचीस आणि पुन्हा उखळात घालून सडत बसायचीस. तुझ्या कपाळावरून घाम गळतो आहे, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आहेत, आणि मुसळाच्या प्रत्येक घावाला तांदूळ आणखी पांढरा होतो आहे. निघालेला कोंडा तू म्हशीपुढे ठेवायचीस. दादा आणि आबा नाचणीची भाकरी खायचे, लोखंडी कढईतली माठाची काळपट भाजी खायचे. तूही तेच खायचीस. मी भाकरीला हात लावला की तू म्हणायचीस, "ती न्हाई तुझी. काळ्या बाकरीनं अंग काळं पडतं. तुला भात हाय." दादा हसायचा. "राणीसायबास्नी बाकर न्हाई चालत," म्हणायचा, आणि तू त्याला उलथनं दाखवायचीस. मला वाटायचं, साऱ्या घरात मी लाडकी. आंबेमोहराचा तो भात इतका मऊ आणि वासाचा असायचा की त्याच्याबरोबर काही नसलं तरी चालायचं. आणि बहुतेक वेळा काही नसायचंच, फार तर ताकाचं पाणी.

मग मी माती खायला लागले. तू चूल सारवलीस की तिच्या कडेची खपली नखाने काढून तोंडात टाकायची. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटायचं. तू एकदा पाहिलंस आणि तोंडात बोट घालून सगळी माती बाहेर काढलीस, वर पाठीत धपाटा घातलास. "घरात खायाला न्हाई म्हनून माती खाती व्हय? लोकं काय म्हनतील?" लागलं नव्हतं फार. पण मला स्वतःलाच कळत नव्हतं की मी ती का खाते, आणि तुला काय सांगावं तेही कळत नव्हतं. त्याच साली लावणीच्या वेळी मी चिखलात पडले. डोळ्यांपुढे अंधारी आली एवढंच आठवतं. शुद्धीवर आले तेव्हा तू माझं डोकं मांडीवर घेतलं होतंस आणि आबांना म्हणत होतीस, "बाजाराच्या दिशी वैद्याला दावून आनते."

वडगावच्या वैद्यांनी माझी नखं पाहिली, डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली. मग मला म्हणाले, "बाळ, बाहेर जाऊन पाणी पी." मी ओट्यावर बसले. मावशी आत तुझ्याबरोबर होती. तू बाहेर आलीस, माझा पदर नीट केलास आणि म्हणालीस, "काय न्हाई म्हनले. ऊन लागलंय." मी तुझ्यावर विश्वास ठेवला. आई म्हणते ऊन लागलंय, म्हणजे ऊनच लागलं असणार. त्या दिवशी तू मला बाजारातून हिरव्या बांगड्या भरल्यास. त्या मनगटावर फार उठून दिसत होत्या. तू माझा हात उजेडात धरून कितीतरी वेळ बघत होतीस.

पुढे मला पाहायला लोणावळ्याची माणसं आली. मी पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आले, तेव्हा पाय कापत होते. सगळ्यांना तो लाजेने सुटलेला कंप वाटला. माझ्या होणाऱ्या सासूबाईंनी आपला हात माझ्या हाताला लावून पाहिला. "शेतकऱ्याची पोर आन अशी दुधासारखी? उनात जाती का न्हाई ही?" तू पटकन म्हणालीस, "जाती की. आमचं रगतच तसं हाय." लग्न तिथेच ठरलं. पाठवणीच्या वेळी तू मला तुझ्या हाताने सडलेल्या तांदळाचं गाठोडं दिलंस आणि कानात सांगितलंस की सासरी नाचणीला हात लावू नको.

तुझे जावई रेल्वेत सांधेवाले होते हे तुला ठाऊकच आहे. गाड्यांचे सांधे बदलून दमून घरी यायचे आणि तरी हसत यायचे. मी मात्र सकाळी उठले तरी आदल्या दिवसाची दमलेली असायची. घागर उचलून चढ चढले की छाती धडधडायची. कुणी बोललं तर उत्तर द्यायचा कंटाळा यायचा, उगाच रडू यायचं, उगाच संताप यायचा. दिवस राहायचे आणि टिकायचे नाहीत. सासूबाई म्हणायच्या, "दुधासारखी म्हनून आनली, तर नासल्यावानी तोंड करून बसती." हे मात्र स्टेशनावरून कागदात बांधून गुडदाणी आणायचे. मी खडा बाजूला ठेवून कागदच वाचत बसायची. ते म्हणायचे, "बघा, हिला गुडदाणीपरीस कागद ग्वाड." त्यांची अपेक्षा असायची की मी हसेन. हसायला हवं हे मला कळायचं. पण हसण्यालाही अंगात काहीतरी लागतं गं, आणि ते माझ्याजवळ नसायचं.

मग एका पावसाळ्यात त्यांना ताप आला आणि उतरलाच नाही. मी पायाशी बसले होते. ते म्हणाले, "म्या तुला सुखात न्हाई ठेवली. माज्याकडं आल्यापास्नं तू हसली न्हाईस." मला वाटलं, तापात बोलताहेत. मी त्यांच्या कपाळावरची घडी बदलली. दुसऱ्या दिवशी ते गेले. तू आलीस, माझ्याजवळ बसलीस, माझ्या पाठीवरून हात फिरवलास. पुढच्या साली तूही गेलीस. त्या वेळी मला वाटलं होतं की माझी बाजू जाणणारं शेवटचं माणूस गेलं.

नंतर मला इथल्या दवाखान्यात काम मिळालं. फडकी उकळायची, फरशी पुसायची. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी एकदा मला भिंतीला टेकून उभं राहिलेलं पाहिलं. जवळ आल्या आणि वैद्यांसारखीच पापणी खाली ओढून पाहिली. म्हणाल्या, "बाई, तुम्ही आजवर चालत कशा होतात? अंगात रक्त म्हणून नाही." त्यांनी लोहाचं औषध दिलं. त्याने जीभ काळी व्हायची. आणि खायला काय सांगितलं असेल? नाचणी, हिरव्या भाज्या, तीळ, गूळ, कोंड्यासकटचा हातसडीचा तांदूळ, आणि भाजी लोखंडी कढईत करायची. मी म्हणाले, "असलं खाऊन माणूस काळं होतं ना?" त्या हसल्या. "काळं नाही, लाल होतं. तुम्ही गोऱ्या नाही हो, पांढऱ्या आहात."

त्या दिवसांत मी पुस्तकातही वाचलं की अन्नात लोह असतं, चुना असतो, निरनिराळे क्षार असतात, आणि लोह कमी पडलं की माणूस दमतं, चिडतं, उदास होतं, कधी मातीही खावीशी वाटते. ते वाक्य मी बोट ठेवून पुन्हा पुन्हा वाचलं. माझा स्वभाव म्हणून ज्याला सारे नावं ठेवत होते, तो स्वभाव नव्हता. काही महिन्यांनी दळण डोक्यावर घेऊन मी चढ चढून आले आणि घरी येईपर्यंत लक्षातच आलं नाही की मी मध्ये कुठे थांबले नाही. यांच्या जाण्याचं दुःख होतंच, आजही आहे. पण दुःख वेगळं आणि तो थकवा वेगळा, हे तेव्हा पहिल्यांदा कळलं. दुःख घेऊन माणूस हसू शकतं. मी हसायला लागले तेव्हा बघायला ते नव्हते.

इतकं होऊनही मला तुझा राग आला नव्हता. तुला कळत नव्हतं, असंच मी धरून चालले होते. परवा मावशीला मी हे सगळं सांगत होते. ती म्हणाली, "आगं, हे तर त्या वैद्यानं तवाच सांगितलं हुतं. नाचणी घाला, पाला घाला, पोरीच्या अंगात रगत न्हाई. तुजी आई म्हनली, लगीन हुंदे, मग घालते."

मी विचारलं, "मग लग्न झाल्यावर?"

"मग तू सासरी गेलीस की. रोगट पोर दिली म्हनून माघारी धाडतील, असं भ्या वाटायचं तिला."

मी तेही गिळलं असतं. पण मावशी आपल्याच नादात पुढे बोलत राहिली. एकदा ती तुझ्याकडे राहायला आली असताना तुझे जावई एकटेच उर्स्याला आले होते म्हणे. मला ठाऊकच नव्हतं. ओट्यावर बसून त्यांनी तुला विचारलं, "मामी, हिला ल्हानपणी काय दुखणं व्हतं का? लय कोमेजल्यावानी असती. काय आसंल तर सांगा, म्या औषिदपानी करीन." आणि तू म्हणालीस, "न्हाई बा. हितं तर हसती-खेळती व्हती." ते पाणी पिऊन उठले आणि घोरावाडी स्टेशनाच्या वाटेने गाडीला गेले.

आई, त्या माणसाने औषधपाणी करीन म्हटलं होतं. रोगट म्हणून माघारी धाडायला आलेलं माणूस असं बोलत नाही. तुला तेवढंही ऐकू आलं नाही? तू हसती-खेळती होती म्हणालीस, आणि ते त्या वाटेवर हाच हिशेब करत गेले असतील की माहेरी हसणारी पोर आपल्या घरी येऊन कोमेजली, म्हणजे खोट आपल्यातच आहे. तो शेवटचा ताप त्यांच्याकडून काही बोलवून घेत नव्हता. ते तुझं वाक्य बोलत होते. तू माझ्यासाठी घाम गाळलास, हे मी नाकारत नाही. भीतीही खरी असेल. पण तुझ्या एका खोट्या शब्दाने एक चांगलं माणूस स्वतःला वाईट समजून गेलं. ते मी कसं पोटात घालू, मला सुचत नाही.

हा कागद मी आता चुलीत घालणार आहे. तो कुठे पाठवायचा असतो ते काही मला ठाऊक नाही. एक मात्र सांगते. हे पत्र मला त्यांना लिहायचं होतं. दोनदा सुरुवात केली. तुमचं काही चुकलं नव्हतं, एवढं लिहिलं की पुढे हात चालत नव्हता. तुझ्यावर रागावता येतं, म्हणून तुला लिहिलं.