वर्षाच्या आतली बिस्किटं

प्रिय आई,

ओव्हनमध्ये तुमची जॅमची बिस्किटं आहेत आणि तुम्हाला जाऊन अजून वर्ष झालेलं नाही. म्हणून हे पत्र. उद्या चार जुलै, इथला स्वातंत्र्यदिन. शुगर लँडच्या आपल्या गल्लीचं एकत्र जेवण आहे, आणि तुमच्या बिस्किटांशिवाय इथे चार जुलै होत नाही. ही सवय लावली कुणी?

वर्षाच्या आत घरात सणाचं गोडधोड, तळण करायचं नाही, हेही तुम्हीच शिकवलंत. बाबा गेले तेव्हा पाडव्याला तुम्ही श्रीखंड केलं नव्हतं. शेजारच्या काकूंनी आणून दिलं, तेच आपण खाल्लं. मग मी हे काय करतेय?

आधी मी पळवाट काढली. तुमच्या समीरला म्हटलं, "हा काही आपला सण नाही रे, काउंट होत नाही." तो म्हणाला, "आणि तळण कुठेय? बेकिंग आहे." आम्हा दोघांना ते फार पटलं. ईरा तिथेच आयसिंगची साखर चाळत होती. "देन हूज इज इट, मम्मा? आय वॉज बॉर्न हिअर. आजी मेड देम फॉर मी."

काय सांगणार होते मी? सण म्हणावा तर बिस्किटं करता येत नाहीत. नाही म्हणावा तर पोरीला तिचा सण खोटा ठरवायचा. तुम्ही काय केलं असतंत? मी पीठ मळायला घेतलं.

पहिला घाणा बिघडला. दोन बिस्किटांत जॅम भरला आणि ती गार व्हायच्या आतच वर आयसिंग लावलं. सगळं ओघळलं, चेरीसुद्धा घसरली. "थांब गं, पळून जात नाहीत ती," म्हणणारं कुणी नव्हतं. शिक्षा झाल्यासारखं वाटलं आणि जरा बरंही वाटलं.

पण खरी टोचणी बिस्किटांची नाहीच. गेल्या दिवाळीत मी कढई काढली नाही. "आमचं वर्ष आहे," सगळ्यांना सांगितलं. गल्लीतल्या मावशी डबे भरून फराळ घेऊन आल्या. "किती मनापासून पाळतेस गं," म्हणाल्या. आई, मला सुटल्यासारखं वाटलं होतं. ऑफिसात डेडलाइन होती, मी दमले होते. तुम्ही गेल्याचं दुःख होतंच, पण चकल्या टळल्याचा आनंदही होता. तुमच्या जाण्याची मी रजा घेतली. लिहिताना लाज वाटते.

माझं वर्ष पाळणं बघून तुम्ही खूश झाला असाल, तर ते कौतुक परत घ्या. आज मोडलं ते ईरासाठी, आणि तुमची फार आठवण आली म्हणून. रागवायचंच तर दिवाळीबद्दल रागवा.

भाद्रपदात वर्षश्राद्ध होईल. त्यानंतरच्या दिवाळीत कढई मी ठेवीन. अनारसे तुपात हसून विरले तरी करीन. आणि कधी जमलं नाही, तर "मी दमलेय" एवढंच सांगेन. तुमचं नाव पुढे करणार नाही.

तुमची सून,
सुजाता