पिशवीचं वजन

प्रिय दादा,

तू कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतोस. सरकारला जीव घेण्याचा हक्क आपणच दिलेला असतो, असं तू जेवताना सांगायचास आणि मी मान डोलवायचो.

आमच्या प्रयोगशाळेत पकडलेली नशेची पावडर मी तोलतो. इथल्या कायद्याने पाचशे ग्रॅमच्या वर भरली की फाशी. एका ट्रक ड्रायव्हरची पाचशे चार भरली. घाईत मी ती पिशवीसकटच तोलली होती. रिकामी पिशवी आज तोलून पाहिली. नऊ ग्रॅम.

गुरुवारी त्याला फाशी आहे. साहेबांना सांगायला दोनदा त्यांच्या दारापर्यंत गेलो, पण दार न वाजवताच परत आलो. नोकरी जाईल, कदाचित मलाच आत टाकतील.

दादा, तू म्हणायचास ते 'आपण' म्हणजे मीच निघालो. हे पत्र तुलाही पाठवायचा धीर होत नाही.

आज बुधवार आहे.

तुझा,
धाकटा