अर्थिंगच्या खड्ड्यातले मीठ

प्रति,
मा. सहायक अभियंता साहेब,
वीज वितरण शाखा कार्यालय (ग्रामीण),
ता. जुन्नर, जि. पुणे.

अर्जदार: सौ. सुंदरा भरत ठोंबरे, धंदा रिक्षाचालक, रा. राजुरी, ता. जुन्नर.

विषय: घरी रिक्षाचा चार्जर बसविण्यासाठी वाढीव भार मिळणेबाबत, ते होणार नसल्यास सासऱ्यांची मेंढरे विकण्याचा आदेश लेखी मिळणेबाबत.

संदर्भ: १) माझा अर्ज दि. ४ जून २०२५. २) आपले त्रुटीपत्र दि. १० नोव्हेंबर २०२५.

महोदय,

१. उपरोक्त विषयास अनुसरून अर्ज करते की, मी बॅटरीवरची तीनचाकी रिक्षा स्वतः चालवते. वस्तीवरच्या कामाला जाणाऱ्या बायका आणि कॉलेजच्या मुली सकाळी आळेफाट्याला सोडते, संध्याकाळी परत आणते. घरच्या जुन्या वायरिंगवर चार्जर चालत नाही, म्हणून जूनमध्ये वाढीव भाराचा अर्ज केला. तोवर दुपारी रिक्षा आळे येथील वायरमन जुबेर मोमीन यांच्या दुकानी चार्जिंगला लावते आणि चार तास त्यांच्या बाकड्यावर बसते. पाऊस संपला, दिवाळी झाली, मी अजून बाकड्यावरच आहे.

२. आपल्या नियमानुसार चार्जरला स्वतंत्र अर्थिंग लागते. त्यासाठी जमिनीत खड्डा घेऊन पाइप उभा करतात, भोवती कोळसा व खडामीठ भरतात आणि वरून पाणी सोडत राहतात. जुबेरभाईंनी मिठाचे पोते अंगणात ठेवले व ते पाइप आणायला गेले. माझे सासरे श्री. बहिरू ठोंबरे (वय ७६) यांची अडतीस मेंढरे याच अंगणात असतात. मेंढरांना अधूनमधून मीठ चारावे लागते. सासऱ्यांना वाटले, पावण्याने रीत म्हणून जनावरांसाठी मीठ आणले. त्यांनी पोते फोडून चार ओंजळी मीठ चारले आणि जुबेरभाई परत आल्यावर त्यांचे मनापासून आभार मानले. उरलेले पोते खड्ड्यात गेले, तेही मेंढरांनी उभे राहून पाहिले.

३. तेव्हापासून खड्ड्यात पाणी पडले की मेंढरे तेथील माती चाटतात व खुरांनी उकरतात. दि. ११ जुलैच्या तपासणीत पाइप वीतभर उघडा सापडला. "अर्थिंग असमाधानकारक" हा शेरा बरोबर होता, त्याबद्दल तक्रार नाही.

४. तक्रार पुढची आहे. लोखंडी झाकण टाकले, तर पाणी कसे घालणार असे कार्यालयात विचारण्यात आले. काटेरी फांद्यांचे कुंपण केले, तर ते तपासणीस अडथळा ठरले. मग झाकणाला बिजागरी लावून कुलूप घातले. दि. २२ ऑगस्टला आपले अधिकारी न कळवता आले. मी आळ्याला चार्जिंगला होते, पती चाकणला कंपनीत आणि सासरे रानात. शेरा पडला, "अर्जदार गैरहजर, खड्डा कुलूपबंद". पुढच्या वेळी पाच दिवस घर सोडले नाही, त्यामुळे रिक्षा चार्ज झाली नाही. दि. २६ सप्टेंबरचा शेरा, "वाहन बंद अवस्थेत". साहेब, मी घरी थांबले तर रिक्षा चार्ज होत नाही आणि रिक्षा चार्ज करायला गेले तर मी घरी नसते. यावर काही मार्ग असल्यास कळवावा, मी शोधून थकले.

५. दि. ७ नोव्हेंबरला सगळे जुळून आले. मी हजर, रिक्षा चालू, कुलूप उघडे, अर्थिंगचे रीडिंगही बरोबर. अधिकारी वाकून आकडा वहीत लिहीत असताना आमच्या एडक्याने त्यांना मागून धडक दिली. चूक आमचीच. मी माफी मागितली, कपडे झटकून दिले, चहा केला. परंतु त्रुटीपत्रात तो रीडिंगचा आकडा कुठेच नाही. "परिसर मोकळा करून जनावरांच्या मालकाचे हमीपत्र जोडावे" एवढेच आहे. खिडकीवर विचारले तर तोंडी सांगण्यात आले की मेंढरे विकून टाका. तसे लिहून द्या म्हटले तर उत्तर मिळाले, "तसं कुठं लिवून देत्यात का बाई." छापील हमीपत्रात मात्र "मी स्वखुशीने जनावरे कायमची हलवीत आहे" असे आहे. म्हणजे सांगणार आपण आणि खुशी सासऱ्यांची.

६. मेंढरे शेतात ठेवा असेही सुचविण्यात आले. मागील उन्हाळ्यात शेतातली वाघर, म्हणजे मेंढरांभोवतीचे दोरीचे जाळे, फाडून बिबट्याने दोन मेंढरे नेली. म्हणून तर तारेची जाळी मारून अंगण बंद केले. घरामागे शेजाऱ्याची भिंत आहे, पुढे रस्ता आहे. तिसरी जागा आमच्याकडे नाही.

७. बिनमिठाचे अर्थिंगही होते. तयार पावडर भरून वर पक्के झाकण बसते, पाणी घालावे लागत नाही. जुबेरभाई ते करून देण्यास तयार आहेत. ऑक्टोबरमध्ये मी तसे विचारले असता आपल्या नमुन्यात कोळसा व मीठ असेच छापलेले आहे, असे सांगण्यात आले.

८. मेंढरे विकण्याचे बोलणे सासऱ्यांच्या कानावर गेले. ते म्हणाले, "पोरी, तुजी रिक्षा थांबाय नको. मेंढरं काय, आज हायती, उद्या न्हाईत." आणि त्यांनी व्यापाऱ्याला निरोप धाडला. मी अडतिसाव्या वर्षी रिक्षा शिकायला निघाले तेव्हा सगळी वस्ती हसत होती. हाच माणूस हातात काठी घेऊन मागच्या सीटवर पहिला बसला आणि त्यानेच मला गावातून फिरवून आणले. ते भांडले असते तर मला बरे वाटले असते. आता ते मेंढरांत जाऊन बसतात आणि जेवायला चार हाका माराव्या लागतात. मला आपल्या कार्यालयाचा राग येतो आणि रडूही येते. अर्जात असे लिहीत नसतात, हे मला समजते.

९. व्यापारी सोमवारी दि. १७ रोजी सकाळी आठला येणार आहे. आपले कार्यालय दहाला उघडते. शनिवार, रविवार सुट्टी. राहिला उद्याचा शुक्रवार. तरी उद्या बिनमिठाच्या अर्थिंगला मान्यतेची एक ओळ लिहून सही करावी, ही विनंती. ते जमत नसल्यास मेंढरे विकावीत असा आदेश शिक्क्यासह द्यावा. म्हणजे मेंढरे सुनेने नव्हे, कार्यालयाने घालवली, एवढे तरी मला त्यांना दाखवता येईल.

उद्या दहाला आपल्या दारात हजर असणारी,
आपली नम्र,

(सही)
सौ. सुंदरा भरत ठोंबरे
राजुरी, दि. १३ नोव्हेंबर २०२५

सोबत:
१) जूनच्या अर्जाची पोच.
२) चार तपासण्यांच्या कागदांच्या प्रती.
३) वायरमन जुबेर मोमीन यांचा टेस्ट रिपोर्ट, रीडिंगच्या आकड्यासह.
४) मेंढरांच्या मालकाचे हमीपत्र: जोडलेले नाही. कोरा कागद तीन दिवस माझ्या रिक्षात आहे. तो त्यांच्यापुढे ठेवून "स्वखुशीने"च्या खाली अंगठा मागण्याची माझी हिंमत होत नाही.